तपासणाऱ्याचा रकाना

“हा हात कोणाचा हो?” विजयश्रीबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात साध्या चौकशीपलीकडे काही नव्हतं. पेनाचं टोपण दातात धरून त्या माझा फॉर्म भरत होत्या, आणि माझं चित्र दालनाच्या लांब टेबलावर, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवून, पसरलेलं होतं. घरून निघताना सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. कागद कुठला, शाई कुठली, किती महिने लागले, विकायचं आहे का. बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या पोरासारखी उत्तरं घोकली होती, आणि पहिलाच प्रश्न पुस्तकाबाहेरचा निघाला. “कोणाचा म्हणजे,” मी म्हणालो, “असाच. एका कामगाराचा.” “मनानं काढलाय?” “हो. म्हणजे, नाही. होता एकजण.” “होता? हयात आहेत ना?” “आहेत.” “मग त्यांची लेखी संमती लागेल,” त्या म्हणाल्या आणि फॉर्मच्या सातव्या कलमावर पेनाने टिचकी मारली. “ओळखू येईल असा माणूस चित्रात असेल तर. आणि हा हात ओळखू येणारच, नाही का? अशी चार बोटं नसलेला हात काही रस्त्यात दिसत नाही.” मी हो म्हणालो. माझ्या पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली गेली. तिची लांबी मी मनातल्या मनात मोजली. तीनशे मिलिमीटर. काय करणार, सवय.

दालन कसलं, कासारवाडी स्टेशनजवळच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा वरचा मजला. मालक कोणीच नाही. एकतीस सभासद, त्यातले निम्मे कंपन्यांतून निवृत्त झालेले, आणि जो तो पाळीपाळीने टेबलावर बसतो, झाडू मारतो, भिंतीत खिळे ठोकतो. चित्रं घ्यायचा दिवस तीन महिन्यांतून एकच, आणि तो गुरुवार, कारण आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. नियम थोडे, पण कडक. फोटो पाठवायचा नाही, छापील प्रत आणायची नाही. मूळ चित्र स्वतः उचलून आणायचं, आणि त्या दिवशीच्या दोन सभासदांचं बघून होईपर्यंत समोर उभं राहायचं. बसायला खुर्ची नाही. मला वाटतं हे त्यांनी मुद्दाम ठेवलंय. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातही असंच होतं. चेकर लाल पेन घेऊन तुमच्या कागदावर वाकायचा, आणि तुम्ही हात मागे बांधून, आपण काय काय चुकलोय हे आठवत उभे. सत्तावीस वर्षं मी तसा उभा राहिलोय, आणि आज एकोणपन्नासाव्या वर्षी आपल्या पायांनी चालत येऊन पुन्हा उभा राहिलो. वर्षाली, माझी बायको, सकाळी म्हणालीच होती, “सुट्टीच्या दिवशी कुठे मिरवायला निघालात? आणि त्या हाताऐवजी फुलं काढली असतीत तर घरात तरी लावता आली असती.” ती चेष्टा करत होती. आठ महिने ती माझी चेष्टा करत होती आणि चहा आणून ठेवत होती, आणि हा हात कोणाचा हे तिनेसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

चित्र साधं आहे. पत्र्याला दाबून आकार देणारा एक प्रेस, पूर्ण कागदभर उंच. त्याचा वरचा लोखंडी ठोकळा अर्ध्यावर थांबलेला, आणि खाली, स्टुलाजवळ, तो हात. उजवा. अंगठा शाबूत. यंत्राचा एकेक बोल्ट मी शाईने काढलाय, हात मात्र पेन्सिलीने. डावीकडचा तिसरा हिस्सा कोरा आहे. विजयश्रीबाई, म्हणजे महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई, त्या कोऱ्या भागासमोरच जास्त वेळ रेंगाळल्या. “ही मोकळी जागा फार धीट आहे हं,” त्या म्हणाल्या. “नवखा माणूस भरून टाकतो. तुम्ही थांबलात. चित्र या जागेमुळे उभं आहे.” मला बरं वाटायला हवं होतं. मी थांबलो नव्हतो हो, बाई. मी पळालो होतो.

दुसरे सभासद मारुतराव. जाड भिंगांचा चष्मा, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, आयुष्य साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये गेलेलं आणि आता जलरंगात नद्या काढतात. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही. सरळ उजव्या खालच्या कोपऱ्याकडे गेले. आमच्या धंद्यातला माणूस तिथूनच सुरुवात करतो. प्रत्येक ड्रॉइंगच्या त्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात रकाने. ड्रॉइंग कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मान्य केलं, तारीख, आणि रेव्हिजन नंबर. पहिल्यांदा काढलं की शून्य. एक रेघ जरी बदलली तरी एक, मग दोन. आणि नंबरापुढे एका ओळीत लिहायचं, काय बदललं. मी ती चौकट माझ्या चित्रातही काढली होती. ठरवून नव्हे. सगळं संपल्यावर हात आपोआप त्या कोपऱ्यात गेला, देवळातून निघताना हात घंटेकडे जातो तसा. पहिल्या रकान्यात माझं नाव. तपासणारा रिकामा. मान्यता रिकामी. आणि नंबराच्या जागी मारुतरावांचं बोट येऊन थांबलं. “रेव्हिजन दोन,” ते म्हणाले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “निरंजनराव, मूळ चित्र म्हणून आणलंत ना हे? मग शून्य आणि एक कुठे आहेत?”

माझी चूक झाली होती, आणि ती अशी चूक होती जी फक्त आमच्या जातीचा माणूस करेल आणि आमच्याच जातीचा माणूस पकडेल. खोटं बोलताना मी कदाचित नीट बोललो असतो, पण नंबर चुकीचा टाकणं माझ्या हाताला जमलं नाही. “सवय,” मी म्हणालो, “सवयीने पडलं.” “सवयीने शून्य पडतो,” मारुतराव म्हणाले. “दोन पडायला आधी एक लागतो.” मग हसले, वातावरण हलकं करायला असेल. “आणि चेक्ड मोकळं. बिनतपासलेलं ड्रॉइंग कधी बाहेर सोडलंत का कंपनीत? जा, संमती आणा. आम्ही सहापर्यंत आहोत. चित्र चांगलं आहे, घ्यायची इच्छा आहे आमची.” घड्याळात पावणेतीन झाले होते. यानंतरचा घेण्याचा दिवस तीन महिन्यांनी. मी चित्राची गुंडाळी केली, प्लास्टिकच्या नळीत सरकवली, संमतीचा कागद चौपट घडी करून खिशात घातला आणि जिना उतरलो.

खाली आल्यावर पहिला विचार आला तो हा की कोणाचंही नाव घालता येईल. कोण बघतंय? बाजूच्या टपरीवाल्याला म्हटलं असतं, भावा, एक सही कर, तर त्याने केली असती. दुसरा विचार, नकोच ते दालन, घरी जाऊ. चित्र माळ्यावर टाकू. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, आणि मी मात्र स्टेशनच्या पायऱ्या चढत होतो. सोनबा दापोडीला असतो हे मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी लोकलच्या खिडकीतून दिसला होता. स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये, पत्र्याच्या सावलीत, टेबल टाकून बसलेला. गाडी सुटेपर्यंत दहा-बारा सेकंद मी त्याला बघितलं असेल. त्यानंतर सहा वर्षं लोकलमध्ये मी त्या बाजूच्या खिडकीशी बसलेलो नाही. गर्दी नसली तरी उठून दुसरीकडे जातो. लोक म्हणत असतील, ऊन लागतं याला.

प्लॅटफॉर्मवर नळी छातीशी धरून उभा राहिलो आणि चौदा वर्षांपूर्वीची ती सकाळ मी नेहमी स्वतःला सांगतो तशीच सांगायला लागलो. चाकणची आमची जुनी कंपनी. वर टूलरूम आणि तिथेच आमचं ड्रॉइंग ऑफिस, खाली प्रेसशॉप, मध्ये लोखंडी जिना आणि काच फुटलेली एक खिडकी. सोनबा चार नंबरच्या प्रेसवर. पत्र्याचा तुकडा आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरचा ठोकळा खाली येतो, धप्प. हात आत जाऊ नये म्हणून समोर जाळीचा गार्ड, चार बोल्टांवर बसवलेला. त्या सकाळी गार्ड नव्हता. चहाच्या सुट्टीनंतर मशीन चालू झालं आणि दुसऱ्याच मिनिटाला सोनबाचा हात आत होता. तो बेशुद्ध पडला. पिंपरीला नेईपर्यंत शुद्धीवर नव्हता आणि नंतर त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना, चहासुद्धा आठवेना. जागेचं स्केच काढायला मला खाली बोलावलं. मी दिसलं तसं काढलं. प्रेस, स्टूल, फरशीवरचं रक्त, गार्ड कुठेच नाही. ते रेव्हिजन शून्य. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “गार्डच नाही? मग सरकारी इन्स्पेक्टर विचारेल, कंपनी गार्डशिवाय मशीन चालवते का.” थोड्या वेळाने गार्ड स्टुलाशेजारी ठेवलेला होता, त्यावर एक पाना. साहेब म्हणाले, “आता काढ. खोटं काही काढायचं नाही. जे आहे तेच काढायचं.” मी जे होतं तेच काढलं. ते रेव्हिजन एक. त्यावर तीन सह्या झाल्या, आणि त्यावरून ठरलं की ऑपरेटरने गार्ड स्वतः काढला होता. हलगर्जीपणा. सोनबाला पुन्हा कामावर घेतलं नाही. माझा काय दोष? मी हाताखालचा माणूस. चौदा वर्षं मी ही गोष्ट इथेच थांबवत आलो, आणि इथे थांबली की ती बरी वाटते. साहेब वाईट, सोनबा बिचारा, आणि मी लाचार. लाचार माणसाला रात्री झोप येते.

लोकल आली. डब्यात बसायला जागा होती, मी उभाच राहिलो. एकाच स्टेशनाचं अंतर, चार मिनिटं. पण मारुतरावांचं बोट काही त्या कोपऱ्यातून हलेना. गार्ड स्टुलाशेजारी ठेवलेला होता, असं मी म्हणतो. ठेवलेला होता. कोणी ठेवला? मराठी भाषा फार दयाळू आहे, कर्ता गाळला तरी वाक्य पुरं होतं. गार्ड मी ठेवला. दोन हातांत धरून, लोखंडी जिन्याच्या अठरा पायऱ्या उतरून, मीच आणला. आणि मी आणू शकलो कारण तो माझ्याकडे होता. नवा साचा उंचीला जास्त होता, गार्ड बदलायला हवा होता, त्याची मापं घ्यायला चहाच्या सुट्टीत मी चार बोल्ट काढून तो वर नेला होता. वीस मिनिटांत परत बसवतो असं मनाशी म्हणून. मशीनवर ‘बंद’ची पाटी लावायची असते. पाटी माझ्या खिडकीत होती. वीस मिनिटांसाठी कोण पाटी लावतं? आणि चित्रातली ती डावीकडची कोरी जागा, जिच्यामुळे चित्र उभं आहे म्हणे, तिथे माझं टेबल येतं. वर टूलरूममध्ये, फुटक्या खिडकीशी, ज्यावर गार्ड पालथा पडलाय ते माझं टेबल. आठ महिन्यांत दहा वेळा मी पेन्सिल तिथे नेली आणि दहा वेळा परत आणली. ड्रॉइंगचा पहिला नियम आहे की जे दाखवलेलं नाही ते नाही. म्हणून मी दाखवलं नाही. गाडी थांबली. मी नेहमीच्या उलट बाजूच्या दाराने उतरलो.

तो तिथेच होता. केस पांढरे झालेत, अंग सुटलंय, पण मान वाकडी करून बसायची ढब तीच. टेबलावर तिकिटांचा गठ्ठा, त्यावर दगड. एक मोटरसायकलवाला आला, सोनबाने डाव्या हाताने गाडीचा नंबर लिहिला, उजव्या अंगठ्याने तिकीट दाबून धरलं आणि डाव्या हाताने फाडलं. सगळं इतकं सरावाने की बघणाऱ्याला कळूही नये. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याला वाटलं गिऱ्हाईक. “गाडी कुटंय?” “गाडी नाही,” मी म्हणालो. “सोनबाभाऊ, मी निरंजन. टूलरूमचा.” त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर काही चढलं नाही, काही उतरलं नाही. “ड्रॉइंगवाला,” तो म्हणाला. “व्हय व्हय. दवाखान्यात आला न्हवतास तू.” “नाही आलो.” “समदे आलते.” मग टेबलाखालून प्लास्टिकचं स्टूल पायाने सरकवलं. “बस.”

मी बसलो आणि भलतंच बोलत सुटलो. शालनवहिनी कशा आहेत, मी विचारलं. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या, तो म्हणाला. मुलगी पूनम? ती चाकणला कामाला लागलीय. “पिरेसवर,” सोनबा म्हणाला, आणि अंगठ्याने टेबलाची कड खरवडली. “मी नगं म्हनलं हुतं. पर दुसरं मिळंना. पहाटं साडेपाचला बस. रोज निगताना मला सांगून जाती, पप्पा काळजी करू नका, मी तुमच्यावानी गार्ड काडत न्हाई.” तो हसला. “गुनाची हाय पोर. बापाच्या चुकीतनं शिकली.” खरं सांगतो, त्या क्षणी मला उठून पळून जायचं होतं. गाडी लागलीच होती, पुलावरून गेलो असतो तर मिळालीही असती. माझा हात खिशात गेला, संमतीच्या घडीवर. आत्ता नुसता कागद पुढे केला आणि म्हटलं, तुझ्या हाताचं चित्र काढलंय, इथे सही कर, तर तो करील, हे मला स्वच्छ दिसत होतं. चित्र उघडायचीही गरज नव्हती. पूनम उद्याही साडेपाचला तेच वाक्य बोलून बसमध्ये चढली असती. आणि मी सहाच्या आत दालनात पोहोचून, चित्र देऊन मोकळा झालो असतो.

मी नळीचं झाकण काढलं. टेबलावरची तिकिटं बाजूला केली, कागद उलगडला, एका टोकावर त्याचा दगड ठेवला, दुसऱ्यावर माझा मोबाइल. सोनबा वाकला. मधेच एक स्कूटर आली, त्याने न बघताच हात केला, लाव तिकडं. त्याची नजर यंत्राच्या वरून खाली येत होती, कारागीर बघतो तशी, एकेक जोड तपासत. “फ्लायव्हीलचं चाक बराबर,” तो म्हणाला. “पायडल आनखी थोडं डाव्या अंगाला पायजे. माझा पाय हितं असायचा.” मी मान हलवली. मग तो हातापाशी आला आणि आपला उजवा हात त्याने कागदावर त्या हाताच्या शेजारी ठेवला. दोन्ही सारखे होते. माझी नजर ठरेना. “गार्ड न्हाई काडलास,” तो म्हणाला. “नव्हता.” “आँ?” “गार्ड नव्हता, सोनबाभाऊ. तुम्ही बसलात तेव्हा मशीनवर गार्डच नव्हता. तुम्ही नाही काढला.”

त्याने हात कागदावरून उचलला नाही. पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि वरून टिक टिक आवाज येत होता. “आधी मला अरे-तुरे करायचास,” तो हळू म्हणाला. मग म्हणाला, “मला वाटायचं म्याच काडला आसंल. समद्यांनी सांगितलं. कागदावर चितार हुतं, पाना हुता. शालन मरंस्तवर बोलत हुती, टारगेटच्या हावेपायी काडलास म्हनून. मी म्हनायचो, व्हय बाई, काडला आसंल.” तो कोऱ्या जागेकडे बघत होता. विजयश्रीबाईंसारखा नव्हे. त्याने तिथे डाव्या हाताची पाची बोटं टेकवली. “हितं काय हुतं?” मी मोबाइल सरळ करून ठेवला. “येवढा कागुद मोकळा सोडतोस व्हय तू? हिशेबी मानूस. गार्ड मशीनवर न्हवता, तर कुटं हुता?”

“माझ्या टेबलावर,” मी म्हणालो. आणि एकदा ते वाक्य बाहेर पडल्यावर बाकीची आपोआप मागून आली. मापं, चार बोल्ट, वीस मिनिटं, खिडकीतली पाटी, अठरा पायऱ्या, पाना. पाना माझाच होता, हेही सांगितलं, ते त्याला सांगायची गरज नव्हती. बोलताना मी त्याच्याकडे न बघता चित्रातल्या हाताकडे बघत होतो. एक माणूस गाडी न्यायला आला, तिकीट टेबलावर टाकून उभा राहिला, आमच्याकडे बघितलं आणि आपली आपण गाडी काढून गेला. मी थांबलो. सगळं सांगून झालं असं मला वाटलं. खरंच वाटलं. छातीतून काहीतरी उतरल्यासारखंसुद्धा वाटलं. आणि सोनबा म्हणाला, “टूलरूम पार वर. खिडकीची काच फुटल्याली. चार नंबर चालू झाल्याला वर ऐकू यायचा का?”

हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. स्वतःला तर नाहीच. भोंगा झाला, आणि खाली मशीनं एकामागून एक सुरू झाली. एक नंबरचा आवाज पातळ, दोनचा खरखरीत, आणि चार नंबरचा जड, सावकाश, फरशीतून पायात येणारा. धप्प. मला कळलं. पहिल्याच ठोक्याला कळलं की हा चार नंबर आहे आणि त्याचा गार्ड माझ्यासमोर आहे. मी पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. पण एकच माप राहिलं होतं. जाळीची उंची, तीनशे वीस. बाणाचं एक टोक काढून झालं होतं, दुसरं राहिलं होतं. मी म्हटलं, हे एवढं पुरं करतो. दुसरं टोक काढलं. आकडा लिहिला. माझा आकडा सुबक असतो, दोनाची शेपटी मी कधी घाईत ओढत नाही. मग तारीख लिहिली. मग उठलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो तेव्हा चार नंबर थांबला, आणि मग माणसांचा आवाज आला.

“येत होता,” मी म्हणालो. “ऐकू येत होता. मला कळलं होतं. मी माप पुरं करत बसलो.”

सोनबाने आपला हात कागदावरून काढून मांडीवर ठेवला. लोणावळ्याकडे जाणारी गाडी आली, गेली. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटणंही किती सोयीचं आहे तेही लगेच कळलं. त्याने मारलं नाही. शिवी दिली नाही. तोंड पुसलं, शर्टाच्या बाहीने. मग टेबलावरची तिकिटं लिहायची पेन्सिल माझ्यापुढे ढकलली, अर्ध्याहून तोकडी, शेंडा चावलेला. “काड,” तो म्हणाला. “काय?” “टेबल. आन् गार्ड. आन् पाटी. जितं हुतं तितं काड. आत्ता. माझ्या म्होरं.”

पट्टी नव्हती. टेबल डगमगत होतं. आयुष्यात मी इतकी वाकडी रेघ ओढली नसेल. आठ महिने जी जागा मी जपली होती तिच्यात त्या बोथट पेन्सिलीने आधी खिडकी आली, फुटकी काच, खिडकीत टांगलेली पाटी, मग टेबल, टेबलावर पालथा गार्ड, त्याची जाळी. चौकोन एकसारखे येईनात. सोनबा माझ्या खांद्यावरून बघत होता आणि त्याचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. “टेबलाशी मानूस न्हाई?” तो म्हणाला. मी माणूस काढला. पाठमोरा, वाकलेला, हातात पेन्सिल. चेहरा नको असता दिसायला, पण मान थोडी वळवलीच, ऐकणाऱ्या माणसाची वळते तशी. “हां,” सोनबा म्हणाला. मग मी कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेलो, आडवी रेघ मारून आधीचा नंबर दोन खोडला, तीन लिहिला, आणि पुढच्या ओळीत, नियमाप्रमाणे, काय बदललं ते लिहिलं. गार्ड ड्राफ्ट्समनच्या टेबलावर दाखवला. ड्राफ्ट्समन दाखवला. तारीख आजची.

तोपर्यंत सव्वापाच झाले होते. मी दालनाचं आणि सहाच्या मुदतीचं सांगून खिशातली घडी काढली, ती आता घामाने मऊ झाली होती. सोनबाने तो संमतीचा कागद वाचला, ओठ हलवत, आणि डाव्या हाताने, सावकाश, खाली नाव लिहिलं. मग कागद मला परत दिला नाही. पेन्सिल तशीच हातात धरून तो चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर वाकला. त्या चौकटीत काय असतं ते त्याला माहीत होतं. पंधरा वर्षं मशीनवर अशीच ड्रॉइंगं लटकवून त्याने काम केलं होतं. त्याचं बोट माझ्या नावावरून खाली आलं, तपासणाऱ्याच्या रिकाम्या रकान्यात. “ह्यात सही म्हंजी काय रे? तू शिकल्याला हायेस, सांग.” “म्हणजे,” मी म्हणालो, “ड्रॉइंग बरोबर आहे. जसं आहे तसं दाखवलंय. एवढंच.” “येवढंच ना?” “एवढंच.” त्याने सही केली. रकान्यातून बाहेर गेली थोडी. “मग ध्यानात ठिव,” तो म्हणाला. “बराबर हाय म्हनलं. माफ केलं न्हाई म्हनलं.”

मी मान हलवली. ती हलायची थांबेना. सोनबाने मोबाइल काढला, अंगठ्याने नंबर लावला आणि कानाशी धरला. “पूनम, बसमंदी हायेस? आज दापोडीला नगं उतरू. कासारवाडीला उतर. तितं येक जागा हाय, भितीला चितारं लावत्यात. ह्यो मानूस पत्ता पाठवंल.” मग ऐकत राहिला. “न्हाई गं, सिनेमाचं न्हाई. माझंच हाय. म्हंजी, माजा हात हाय त्यात.” पुन्हा ऐकलं. “तू बग आदी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “बग आन् मग उद्या निगताना काय बोलायचं ते बोल.” फोन ठेवून त्याने दगड उचलला. चित्र आपोआप गुंडाळलं गेलं. “जा,” तो म्हणाला. “सहाच्या आत लागलं पायजे भितीला. पोरगी येनार हाय.”

दालनाचा जिना चढलो तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. विजयश्रीबाई पर्स आवरत होत्या. त्यांनी चित्र उलगडलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. “अहो, हे काय केलंत!” त्या म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. “इतकी सुंदर मोकळी जागा होती ती.” मारुतराव नेहमीप्रमाणे कोपऱ्यात वाकले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती वाकडी सही वाचली, मग तिच्याशेजारची ओळ वाचली, मग पुन्हा सही. मग ते भिंतीपाशी गेले, शिडी ओढली आणि खिळ्यांचा डबा उघडला.

“मोकळी नव्हती बाई,” मी म्हणालो. “तिथे माझं टेबल होतं.”